आवाजाची वाट मोकळी करणारा ऑलिव्हर हेविसाइड

सोनोग्राफीच्या आधी पोटावर गार जेली का लावतात, असा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात. यंत्र नीट घसरावे म्हणून, असा बहुतेकांचा समज असतो. मुख्य कारण वेगळे आहे. यंत्राचे टोक आणि त्वचा यांच्यामध्ये हवेचा अगदी पातळ थर राहिला, तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच माघारी फिरतो आणि पडद्यावर काहीच दिसत नाही. जेली ती हवा हटवते, म्हणून ध्वनी आत शिरतो.

पातळ सुतळीचे टोक जाड दोरखंडाला बांधून सुतळीला झटका दिला, तर लहर गाठीपर्यंत जाते आणि तिचा मोठा भाग परत हाताकडे येतो. ध्वनीचे आणि विजेचेही असेच आहे. जोडावरून किती पुढे जाईल आणि किती मागे फिरेल, हे दोन्ही बाजूंच्या एका गुणावर ठरते. त्याला इम्पिडन्स म्हणतात. मागेपुढे होणाऱ्या कंपनाला किंवा प्रवाहाला समोरून होणारा एकूण विरोध, असा त्याचा साधा अर्थ. आज हा शब्द अभियंत्यांच्या तोंडी असतो, रेकॉर्ड प्लेअरच्या शौकिनांच्या गप्पांत असतो आणि कानाच्या डॉक्टरांच्या कागदांवरही असतो.

विद्युतशास्त्राला हा शब्द १८८६ साली ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज माणसाने दिला. त्याच्याकडे पदवी नव्हती, नोकरी नव्हती आणि लहानपणच्या आजारामुळे त्याला धड ऐकूही येत नव्हते.

लाल पुरळ आणि कान

हेविसाइडचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडनच्या कॅम्डन टाउन भागात झाला. वडील लाकडावर चित्रे कोरून छपाईचे ठसे बनवत. चार भावांत ऑलिव्हर धाकटा. घरात पैशांची कायम ओढाताण. लहान वयातच त्याला स्कार्लेट फीव्हर झाला.

या आजारात ताप येतो, घसा सुजतो आणि अंगावर लालभडक पुरळ उठते. तो स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जिवाणूमुळे होतो. आज पेनिसिलिनसारख्या औषधाने तो आटोक्यात येतो, पण हेविसाइडच्या लहानपणी असे औषध नव्हते. घशातला संसर्ग नाकामागच्या नळीतून मध्यकर्णात चढायचा, तिथे पू व्हायचा आणि कानाचा पडदा फुटायचा. ज्या मुलांचा जीव वाचला, त्यांतल्या अनेकांचे ऐकणे अधू व्हायचे. ऑलिव्हर वाचला, पण त्याचे ऐकणे कमी झाले. ज्या वयात मुले गल्लीत खेळून मित्र जोडतात, त्या वयात तो बाजूला पडला.

शाळेत मात्र तो हुशार निघाला. १८६५ साली एका मोठ्या परीक्षेत पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांत त्याचा पाचवा क्रमांक आला. पुढे शिकवायला पैसे नव्हते, त्यामुळे सोळाव्या वर्षी शाळा सुटली. मावशीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टन हे तारायंत्राच्या जनकांपैकी एक. त्यांच्या ओळखीचा आधार होता. १८६८ साली ऑलिव्हर डेन्मार्कला तारऑपरेटर म्हणून रुजू झाला. त्याने आयुष्यात केलेली ही एकच नोकरी.

समुद्राखालची तार

इंग्लंड आणि डेन्मार्क यांच्यामध्ये समुद्राच्या तळावरून तार टाकलेली होती. तिच्यावर काम करताना एक विचित्र गोष्ट दिसत असे. एका दिशेने जितक्या वेगाने संदेश पाठवता येत, तितक्या वेगाने उलट दिशेने पाठवता येत नसत. तार तर एकच होती. हेविसाइडने गणित मांडून दाखवले की दोष समुद्राखालच्या तारेत नाही. तिच्या दोन टोकांना जे जोडले आहे ते सारखे नाही, म्हणून हा फरक पडतो. दोष शोधायचा तर नुसती तार न बघता तिच्या टोकांचे जोडही बघावे लागतात, हा विचार त्याच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो.

१८७३ साली त्याने व्हीटस्टन ब्रिज या मोजमापाच्या मांडणीवर एक लेख लिहिला. त्याची दखल विल्यम थॉम्सन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल या दोन दिग्गजांनी घेतली. त्याच वर्षी मॅक्सवेलचा वीज आणि चुंबकत्वावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हेविसाइडने तो चाळला आणि त्यातले बरेचसे आपल्याला कळत नाही हे त्याच्या लक्षात आले. शाळेतल्या बीजगणितापलीकडे त्याचे गणित फारसे गेलेले नव्हते. १८७४ साली, चोविसाव्या वर्षी, त्याने नोकरी सोडली आणि आईवडिलांच्या घरी एका खोलीत बसून तो तो ग्रंथ शिकू लागला. पुन्हा नोकरी त्याने कधीच केली नाही.

तिकडे मॅक्सवेल १८७९ साली कर्करोगाने गेला. त्याने सिद्धांत मांडला तेव्हा त्यात वीस समीकरणे होती. हेविसाइडने १८८४-८५ च्या सुमारास त्यांची चार आटोपशीर समीकरणांत फेरमांडणी केली. जगभरचे विद्यार्थी आज मॅक्सवेलची समीकरणे म्हणून जी शिकतात, ती याच घडणीची आहेत. त्यांच्यावर नाव मॅक्सवेलचे राहिले आणि हेविसाइडची त्याला काही हरकत नव्हती.

एक नवा शब्द

बॅटरीचा प्रवाह तारेतून एकाच दिशेने संथ वाहत असेल, तर त्याला होणारा विरोध सोपा असतो. पण बोलण्याचे विजेत रूपांतर झाले, की प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. तेव्हा आणखी दोन गोष्टी आड येतात.

पाळण्याला झोका देताना काय होते ते आठवा. दांडीशी घर्षण होते, ते एक. पाळण्याला वजन आहे, त्यामुळे तो हलायला आणि थांबायलाही वेळ घेतो, हे दुसरे. आणि बाजूला गेलेला पाळणा परत मध्ये येऊ पाहतो, हे तिसरे. आपण किती भराभर झोका देतो, यावर पाळणा किती विरोध करतो ते ठरते. तारेतही घर्षणासारखा रोध असतो, वेटोळ्यांमुळे वजनासारखा जडपणा येतो आणि दोन तारांमध्ये वीज साठल्यामुळे स्प्रिंगसारखा ताण येतो. या सगळ्यांच्या एकत्रित परिणामाला हेविसाइडने इम्पिडन्स म्हटले. त्याच्या उलट, म्हणजे प्रवाहाला किती सहज वाट मिळते, याला त्याने अ‍ॅडमिटन्स म्हटले. वेटोळ्याच्या जडपणाला इंडक्टन्स हा शब्दही त्याचाच.

या हिशेबातून एक महत्त्वाची गोष्ट निघाली. लांब तारेच्या टोकाला तिच्या स्वभावाशी नेमका जुळणारा रोध जोडला, तर आलेली लाट पूर्ण शोषली जाते. कमी किंवा जास्त जोडला, तर तिचा काही भाग माघारी फिरतो. इम्पिडन्स जुळवणे म्हणतात ते हेच.

पोस्टखात्याशी सामना

त्या काळी टेलिफोन नवा होता. थोड्या अंतरावर आवाज स्पष्ट येई, लांब गेला की गढूळ होई. कारण बोलण्यातले खर्ज आणि तीव्र सूर तारेतून वेगवेगळ्या वेगाने जात आणि वेगवेगळ्या प्रमाणात विरत. व्यंजने आधी हरवत. म्हातारपणी कान कमकुवत झाला की माणूस आवाज येतो पण शब्द कळत नाहीत अशी तक्रार करतो, काहीसे तसेच.

१८८७ साली हेविसाइडने दाखवले, की तारेचे चार गुण ठरावीक प्रमाणात आणले तर सगळे सूर एकाच वेगाने जातील आणि आवाज विरला तरी बिघडणार नाही. त्यासाठी तारेचा जडपणा, म्हणजे इंडक्टन्स, वाढवायला हवा. हे ऐकून व्यवहारी अभियंते चक्रावले. इंडक्टन्स हा शत्रू आहे आणि तो कमीत कमी हवा, असे ब्रिटिश पोस्टखात्याचे वरिष्ठ अभियंते विल्यम प्रीस मानत. टेलिफोनच्या तारा पोस्टखात्याच्या अखत्यारीत होत्या आणि प्रीस यांचा शब्द तिथे अखेरचा होता.

हेविसाइडचा भाऊ आर्थर पोस्टखात्यातच अभियंता होता. दोघांनी मिळून लिहिलेल्या लेखाला प्रीस यांनी परवानगी नाकारली. हेविसाइडचे लेख वर्षानुवर्षे छापणाऱ्या द इलेक्ट्रिशियन या साप्ताहिकाच्या संपादकाला त्याच वर्षी पद सोडावे लागले आणि नव्या संपादकाने ही लेखमाला बंद केली. तिच्यावर मिळणारे थोडेसे मानधन हेच हेविसाइडचे उत्पन्न होते. पुढे १८८८ साली हर्ट्झने विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगाने दाखवल्या आणि हेविसाइडच्या गणिताकडे लोक गांभीर्याने पाहू लागले. केल्व्हिन यांनी त्याची जाहीर प्रशंसा केली. १८९१ साली तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

पैसा मात्र आला नाही. तारेत ठरावीक अंतरावर वेटोळी घालण्याच्या कल्पनेचे त्याने पेटंट घेतले नव्हते. अमेरिकेत टेलिफोन कंपनीतला जॉर्ज कॅम्पबेल आणि कोलंबिया विद्यापीठातला मायकेल प्युपिन यांनी त्याच दिशेने काम केले. १९०० साली प्युपिनला पेटंट मिळाले आणि कंपनीकडून लाखो डॉलर मिळाले. त्या वेटोळ्यांच्या जोरावर १९११ साली न्यूयॉर्कचा आवाज कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरशिवाय डेन्व्हरपर्यंत पोहोचला. कंपनीने हेविसाइडलाही पैसे देऊ केले होते. शोधाचे पूर्ण श्रेय मिळणार नसेल तर पैसे नकोत, असे म्हणून त्याने ते नाकारले. तेव्हा त्याची गुजराण सरकारने १८९६ साली मंजूर केलेल्या वर्षाला १२० पौंडांच्या मानधनावर चालली होती.

टॉर्कीचे एकाकी घर

आईवडिलांबरोबर तो १८८९ साली डेव्हनमधल्या पेंटन गावी आला होता. तिथे त्याचा एक भाऊ वाद्यांचे दुकान चालवत असे. १८९४ साली आई गेली, १८९६ साली वडील गेले. स्वतःचे घर चालवण्याची सवय नसलेला हा माणूस आधी न्यूटन ॲबट आणि १९०८ पासून टॉर्की इथे राहिला. बहिरेपण वाढले, वारंवार आजारपण आले, लोकांशी संबंध तुटत गेले. घरातल्या फर्निचरच्या जागी त्याने ग्रॅनाइटचे दगड आणले, नखे गुलाबी रंगवली, अशा गोष्टी त्याच्याबद्दल सांगितल्या जातात. लोक त्याला विक्षिप्त म्हणत.

याच काळात, १९०२ साली, आकाशात उंचावर रेडिओलहरी परतवणारा विद्युतभारित थर असावा, असे त्याने लिहिले. अमेरिकेतल्या केनेलीनेही तेच सुचवले होते. त्या थराला पुढे दोघांची नावे मिळाली. १९२२ साली ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने आपले पहिले फॅरडे पदक हेविसाइडला दिले. पदक घ्यायला तो गेला नाही. संस्थेचे अध्यक्ष ते घेऊन त्याच्या घरी गेले. शिडीवरून पडल्यानंतर काही दिवसांनी, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो टॉर्कीत वारला. पेंटनच्या दफनभूमीत आईवडिलांजवळ त्याला पुरले.

एखाद्याच्या एकाकीपणाला बालपणीचे बहिरेपण एवढे एकच कारण देणे योग्य नाही. पण ज्या मुलाला नीट ऐकू येत नाही ते वर्गात मागे बसते, खेळात चुकते, हळूहळू बोलावले जात नाही, आणि शेवटी त्याचा स्वभावच तसा आहे असे घरचे ठरवतात, हे माझ्या वयाच्या कुठल्याही डॉक्टरने पाहिलेले असते.

तबकडी ते स्पीकर

हेविसाइड गेला त्याच वर्षी अमेरिकेत ऑर्थोफोनिक व्हिक्ट्रोला नावाचा ग्रामोफोन बाजारात आला. टेलिफोनच्या तारांसाठी तयार झालेले गणित मॅक्सफील्ड आणि हॅरिसन या दोन अभियंत्यांनी त्यात सुई, पडदा आणि भोंगा यांना लावले. वजनाला इंडक्टन्स माना, स्प्रिंगला साठवण माना, आणि प्रत्येक जोडावर इम्पिडन्स जुळवा. त्यासाठी भोंगा क्रमाक्रमाने रुंदावत नेला, म्हणजे लहानशा पडद्याचे कंपन खोलीभरच्या हवेत न अडता उतरेल. चावीच्या त्या यंत्रात विजेचा पत्ताही नव्हता, तरी खर्ज आणि तीव्र दोन्ही सूर पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळे ऐकू येऊ लागले.

आज पुन्हा रेकॉर्ड प्लेअर घेणाऱ्यांना हाच हिशेब करावा लागतो. फक्त तिथे जुळवणे म्हणजे दोन्ही आकडे सारखे करणे नव्हे. बहुतेक कार्ट्रिजमध्ये सुईबरोबर चुंबक हलते. ती ४७,००० ओहमच्या फोनो इनपुटसाठी बनवलेली असतात. कार्ट्रिजच्या वेटोळ्याचा इम्पिडन्स त्याहून बराच कमी असतो आणि तसाच तो असावा लागतो. ज्या कार्ट्रिजमध्ये वेटोळेच हलते, त्यांचा सिग्नल फार क्षीण असतो. त्यासाठी मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घालतात. तो सिग्नल दहापट करत असेल, तर ४७,००० ओहमचे इनपुट कार्ट्रिजला शंभरपट कमी, म्हणजे ४७० ओहम, भासते. स्पीकरकडे उलट काळजी. आठ ओहमसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला फार कमी ओहमचे स्पीकर लावले, तर तो तापतो. जुन्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे ४, ८ आणि १६ ओहमची वेगळी टोके असतात, ती यासाठीच.

कानातला ट्रान्सफॉर्मर

आवाज स्पीकरमधून निघाला तरी शेवटचा जोड बाकी असतो. तो आपल्या कानात आहे. बाहेरून आवाज हवेतून येतो, पण ऐकण्याच्या पेशी आतल्या शंखाच्या आकाराच्या नळीत, द्रवात असतात. हवा थेट त्या द्रवाला भिडली असती, तर आवाजाच्या ऊर्जेचा हजारात एखादाच भाग आत गेला असता. सोनोग्राफीत जी अडचण येते, तीच इथे असते.

ती मध्यकर्ण सोडवतो. कानाचा पडदा, आणि त्याला जोडलेली हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन इवलीशी हाडे. पडद्याचा कामाचा भाग रिकिबीच्या तळापेक्षा सुमारे १७ पट मोठा असतो, आणि हाडांच्या तरफेमुळे जोर आणखी सुमारे १.३ पट वाढतो. दोन्ही मिळून दाब साधारण २२ पट होतो. कार्ट्रिजच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे काम इथे तीन हाडे करतात.

पडद्याला भोक पडले, हाडे झिजली किंवा पडद्यामागे चिकट पाणी साचले, की ही जुळणी बिघडते. आतली नस ठणठणीत असूनही आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नाही. स्कार्लेट फीव्हरने एकोणिसाव्या शतकात मुलांच्या कानांचे जे नुकसान केले, ते पुष्कळदा याच जागी.

अशा मुलांसाठी आज जी तपासणी करतात, तिला आपल्या रुग्णालयांत इम्पिडन्स ऑडिओमेट्री म्हणतात. कानात छोटे बोंडूक बसवून हवेचा दाब कमी-जास्त करतात, एक बारीक सूर सोडतात आणि पडद्यावरून किती आवाज माघारी येतो ते मोजतात. मुलाने काही सांगायची गरज नसते. काही सेकंदांत आलेख निघतो. निरोगी कानाच्या आलेखाला मध्ये टोक असते, पडद्यामागे पाणी असेल तर तो सपाट येतो. आलेखात मोजलेला असतो तो अ‍ॅडमिटन्स. कमी ऐकू येणाऱ्या हेविसाइडने तारांसाठी घडवलेले दोन्ही शब्द आज कमी ऐकू येणाऱ्या मुलांच्या कागदावर असतात.

मध्यकर्णाचे बहुतेक दोष बरे होऊ शकतात, हे पालकांनी लक्षात ठेवावे. संसर्गाला औषध आहे. साचलेले पाणी पुष्कळदा आपोआप ओसरते. तीन महिन्यांनंतरही राहिले आणि ऐकणे कमी असेल, तर पडद्यात बारीक नळी बसवता येते. फाटलेला पडदा शस्त्रक्रियेने शिवता येतो. पण त्यासाठी मूल वेळेवर आले पाहिजे. कान वाहत असताना त्यात तेल, लसणाचा रस किंवा उरलेले जुने थेंब टाकू नयेत. कान कोरडा ठेवावा आणि डॉक्टरांना दाखवावा. ताप आणि घशाच्या आजारात अँटिबायोटिक दिले असेल, तर ताप उतरला म्हणून ते मध्येच सोडू नये. शाळा आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, ते कानही तपासते. त्या दिवशी मुलाला आवर्जून पाठवावे.

मूल टीव्हीचा आवाज वाढवत असेल, पाठीमागून हाक मारली तर वळत नसेल, सारखे काय, काय असे विचारत असेल किंवा अभ्यासात एकाएकी मागे पडले असेल, तर आधी त्याचा कान तपासून घ्यावा. ऐकत नाही म्हणून रागावण्याआधी त्याला ऐकू येते की नाही, याची खात्री करावी.